सिस्टरला निलंबित करून औषध सुरक्षित होत नाही

शासकीय रुग्णालयात एखादा रुग्ण दगावला आणि ‘चुकीचे इंजेक्शन दिले’ असा बोभाटा झाला, की पुढचा क्रम आपल्याकडे जवळजवळ ठरून गेलेला आहे. नातेवाईक वॉर्डात गर्दी करतात. निरनिराळ्या पक्षांचे कार्यकर्ते येऊन पोहोचतात. अधीक्षकांच्या दालनासमोर घोषणा होतात, निवेदन दिले जाते आणि संध्याकाळच्या आत त्या पाळीच्या परिचारिकेच्या निलंबनाचा आदेश निघतो. वर्तमानपत्रात बातमी येते, लोकांचा क्षोभ शमतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात, तितक्याच रुग्णांसाठी, एक परिचारिका कमी झालेली असते.

अशा एका निवेदनावर पुष्कळ वर्षांपूर्वी माझीही सही आहे. मृत रुग्ण आमच्या गल्लीतला होता, संताप खरा होता आणि निवेदनाचा मसुदाही मीच दुरुस्त करून दिला होता. ज्या परिचारिकेवर कारवाई झाली ती त्या रात्री दोन वॉर्ड एकटीने सांभाळीत होती आणि बदली न आल्यामुळे सलग दुसरी पाळी करीत होती, हे मला काही महिन्यांनी कळले. निवेदनात मी ‘अक्षम्य हलगर्जीपणा’ असा शब्द वापरला होता. एका बाईला दोन वॉर्ड कोणी दिले, हा प्रश्न मात्र त्यात कोठेही नव्हता. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला हा प्रश्न सुचू नये, याची लाज आजही वाटते. म्हणून हा लेख.

रुग्णाला औषध देणे हे काम बाहेरून फार साधे दिसते. डॉक्टरांनी लिहायचे आणि सिस्टरने द्यायचे, एवढेच आपण पाहतो. परिचर्येच्या शिक्षणात त्याची पंचसूत्री पहिल्या वर्षापासून घोटून घेतली जाते : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. दिल्यानंतर लगेच नोंद करायची, हे त्याला जोडून येते. यातील एकेक शब्दामागे काय काय आहे, ते पाहिल्याशिवाय पुढचा विचार करता येणार नाही.

‘योग्य रुग्ण’ म्हणजे काय? आपल्या रुग्णालयांत रुग्णाची ओळख पुष्कळदा कॉटच्या क्रमांकावरून होते. ‘बारा नंबरला इंजेक्शन द्या’ असे सांगितले जाते. परंतु गर्दीच्या दिवसांत एका कॉटवर दोन रुग्ण असतात, काहींचे अंथरूण खाली जमिनीवर असते आणि खिडकीजवळ वारा लागतो म्हणून दुपारी एखादी म्हातारी नऊ नंबरवरून बारावर येऊन निजलेली असते. एका वॉर्डात एकाच नावाच्या दोन बायका असणे ही आपल्या भागात नवलाची गोष्ट नाही. म्हणून प्रत्येक वेळी रुग्णालाच पूर्ण नाव विचारावे आणि ते केसपेपरशी ताडून पाहावे, असा नियम आहे. ‘तुम्हीच का कौसाबाई?’ असे विचारले तर ग्लानीतला रुग्ण कशालाही मान हलवतो. ‘तुमचं नाव काय?’ असे विचारावे लागते.

‘योग्य मात्रे’चे उदाहरण इन्सुलिनचे घ्यावे. आपल्या देशात इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते. एकात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, दुसऱ्यात १००. दोहोंच्या सिरिंजाही वेगळ्या, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी. १०० च्या कुपीतील औषध ४० च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात अडीचपट इन्सुलिन जाते. रक्तातील साखर इतकी खाली येऊ शकते की झोपेत असलेला रुग्ण पुन्हा जागा होणार नाही. त्यात भर हस्ताक्षराची. ‘युनिट’ या शब्दासाठी घाईत लिहिलेले इंग्रजी ‘यू’ हे अक्षर शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० वाचले जातात. औषधांची मूळ नावे सुवाच्य अक्षरांत, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, असे तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये डॉक्टरांना सांगितले. कोणत्याही शासकीय रुग्णालयातील दहा केसपेपर काढून पाहावेत. त्या सूचनेचे काय झाले, ते दिसेल.

‘योग्य मार्गा’तील चूक तर क्षणात जीव घेऊ शकते. पोटॅशियम क्लोराइड हे सलाईनमधून, पातळ करून, हळूहळू द्यावयाचे औषध आहे. तेच संहत स्वरूपात थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडते. त्याची कुपी साध्या पाण्याच्या कुपीसारखी दिसावी आणि दोन्ही एकाच ट्रेमध्ये असाव्यात, हा मृत्यूला दिलेला परवाना आहे. संहत क्षारांच्या अशा द्रावणांवर कडक नियंत्रण असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सुचविले. अनेक देशांतील रुग्णालयांनी त्याआधीच ती कुपी सामान्य वॉर्डातून काढून कुलुपात ठेवली. या उपायाला खर्च जवळजवळ नाही, ठरविणारा अधिकारी तेवढा हवा.

आता ‘योग्य वेळे’कडे, म्हणजे माझ्या विषयाकडे, येतो. समजा, रात्री आठ वाजता एका परिचारिकेकडे ४० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला सरासरी दोन औषधे द्यावयाची आहेत. म्हणजे ८० मात्रा झाल्या. केसपेपर पाहणे, नाव विचारणे, लेबल वाचणे, औषध काढणे, देणे आणि नोंद करणे यांस मिळून मात्रेमागे तीन मिनिटे धरली, तर २४० मिनिटे लागतात. आठचे औषध बारा वाजता पूर्ण होईल, आणि तेही मध्ये एकही नवा रुग्ण आला नाही, एकाही सलाईनची सुई निघाली नाही आणि एकाही नातेवाइकाने हाक मारली नाही तर. उलट, सारे औषध एका तासात द्यावयाचे ठरविले तर मात्रेमागे ४५ सेकंद उरतात. पंचेचाळीस सेकंदांत पंचसूत्री पाळता येत नाही. हे आकडे मी गृहीत धरले आहेत. साथींनी आपापल्या तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन खरे आकडे घालून हेच गणित करून पाहावे.

भारतीय परिचर्या परिषदेचे मानक असे आहे, की अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. पाच रुग्ण धरले तर वरच्याच हिशेबाने दहा मात्रा आणि अर्धा तास होतो. म्हणजे नियम अशक्य नाही. नियम पाळण्यास लागणारा श्रमाचा वेळ शासनाने विकत घेतलेला नाही. जो वेळ विकत घेतलेला नाही त्याची अपेक्षा मात्र कामगाराकडून करावयाची आणि ती पुरी झाली नाही की त्याला गुन्हेगार ठरवावयाचे, ही रीत गिरणीच्या मालकांपासून आपल्या परिचयाची आहे. येथे मालक शासन आहे, एवढाच फरक. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेकडील प्रत्येक जादा रुग्णामागे शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. कॅलिफोर्नियाने २००४ पासून परिचारिका व रुग्ण यांचे किमान प्रमाण कायद्याने बंधनकारक केले. त्यासाठी तेथील परिचारिकांच्या संघटनांना वर्षानुवर्षे लढावे लागले. सरकारला आपोआप सुबुद्धी सुचली नाही.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडलेली कुटुंबे वसंतात परततात. फडावर असताना ताप आला, गर्भारपणात त्रास झाला, तर कारखान्याच्या परिसरातील कोणा डॉक्टरकडून सुई टोचून घेतली जाते. कागद मिळत नाही, मिळाला तरी पालावर टिकत नाही. परत आल्यावर तीच बाई आपल्या रुग्णालयात दाखल होते. सिस्टर विचारते, ‘मागं कोणतं औषध सोसलं नव्हतं का?’ बाई म्हणते, ‘तिकडं एक सुई दिली व्हती, आंगावर गांधी उठल्या, दम लागला.’ कोणती सुई, ते तिला कोण सांगणार? पेनिसिलिनसारखे औषध ज्याला सोसत नाही त्याला ते पुन्हा देणे जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाला औषध देण्यापूर्वी पाच मिनिटे बसून बोलावे लागते. ज्या जिल्ह्यातील रुग्णाला आपला इतिहास कागदावर जवळ बाळगता येत नाही, तेथे परिचारिकांची संख्या इतरांहून अधिक हवी. प्रत्यक्षात गरीब जिल्ह्याच्या वाट्याला रिकामी पदे आधी येतात.

परिचारिकेने पंचसूत्री तंतोतंत पाळली तरी रुग्ण सुरक्षित राहतो, असेही नाही. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण मरण पावले. त्यांना दिलेल्या ग्लिसेरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. औषध योग्य होते, मात्रा योग्य होती, वेळही योग्य असेल. बाटलीत मात्र लेबलावर लिहिलेली वस्तू नव्हती. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सारी साखळी उघडी केली. त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, आपल्याच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला बनावट गोळ्या पुरविल्याचा गुन्हा नोंदविला गेला. ॲझिथ्रोमायसीन म्हणून आलेल्या गोळ्यांत ते औषधच नसल्याचे तपासणीत आढळले होते. न्यूमोनियाच्या रुग्णाला सिस्टर वेळच्या वेळी गोळी देत असेल, तक्त्यावर सही करीत असेल आणि रुग्णाचा ताप उतरत नसेल. अशा वेळी त्याच्या घरची माणसे कोणाला बोल लावणार? समोर दिसते तिलाच. स्वामीजी संन्यास घेण्यापूर्वी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत होते आणि पुढे त्यांनी अंबाजोगाईत शिक्षक म्हणून काम केले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयात गरिबाच्या औषधाऐवजी दुसरेच काही पोहोचावे, याची खंत प्रत्येक साथीला वाटली पाहिजे.

चूक झाली की ती सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाच्या नावे मांडावयाची, ही आपल्या शासनयंत्रणेची सवय आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओच्या मोहिमेत १२ बालकांना लशीच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले बचावली. तिघांवर निलंबनाची कारवाई झाली आणि प्रकरण लोकांच्या विस्मरणात गेले. लशीची कुपी आणि हात धुण्याचे द्रव एकमेकांच्या जागी हाती येऊ नयेत म्हणून राज्यातील प्रत्येक केंद्रावर काय बदल करावयाचा, यावर तेवढ्याच हिरिरीने चर्चा झाली असती तर ती कारवाईपेक्षा अधिक उपयोगी पडली असती. शेजारच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अतिदक्षता कक्षाला आग लागून ११ रुग्ण दगावले. तो औषधाचा प्रसंग नव्हता, पण न्याय तोच होता : अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. मनुष्यबळाचा आणि औषधांचा प्रश्न चर्चेत आला तोच एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले. त्या देखाव्याची छायाचित्रे देशभर गेली. रिक्त पदांची यादी तशी कोठे छापून आली नाही.

कायदाही याच वृत्तीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे हयगयीने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तेच वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून घडले, तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ही सवलत डॉक्टरला आहे, परिचारिकेला नाही. डॉक्टरने चुकीची मात्रा लिहिली आणि परिचारिकेने ती दिली, तर एकाच मृत्यूसाठी लिहिणाऱ्याला दोन वर्षे आणि देणारीला पाच वर्षे, असा या कलमाचा अर्थ होऊ शकतो. डॉक्टरांची शिक्षा वाढवा, असे माझे म्हणणे नाही. परंतु एकाच कामातील दोन श्रमिकांना कायद्याने असे वरचे आणि खालचे ठरविले असताना आपल्या पक्षाने गप्प का बसावे?

येथे कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, तुम्ही परिचारिकांना सर्व जबाबदारीतून मोकळे करीत आहात. तसे नाही. लेबल न वाचता औषध देणारी, रुग्णावर खेकसणारी, न दिलेल्या औषधाची सही करणारी परिचारिका असते, तशी ती मीही पाहिली आहे. तिला जाब विचारलाच पाहिजे. हेतुपुरस्सर किंवा बेफिकिरीने केलेले कृत्य वेगळे आणि थकलेल्या माणसाच्या हातून झालेली चूक वेगळी, हा भेद मात्र करावाच लागेल. ब्रेक निकामी झालेली एस.टी. आगारातून बाहेर काढण्यास भाग पाडावयाचे आणि अपघातानंतर चालकाला तेवढे तुरुंगात घालावयाचे, हे आपण मान्य करीत नाही. मग वॉर्डात ते कसे मान्य करतो? शिवाय शिक्षेच्या भीतीचा एक परिणाम ठरलेला असतो : चूक लपविली जाते. चुकीचे औषध गेले हे पाच मिनिटांत सांगितले तर पुष्कळ वेळा उतारा देता येतो. निलंबनाच्या धास्तीने ते सांगितले गेले नाही, तर चूक आणि रुग्ण दोन्ही गाडले जातात. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे २०१७ मध्ये एका परिचारिकेने गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे औषध दिले आणि वृद्ध रुग्णेचा मृत्यू झाला. तिने चूक स्वतः कबूल केली होती. २०२२ मध्ये तिला फौजदारी न्यायालयाने दोषी ठरविले, तेव्हा तेथील परिचारिकांनी हीच भीती बोलून दाखविली, की आता चूक कोण सांगेल?

दुसरा आक्षेप पैशाचा. त्याचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने देणे भाग आहे. औषधांच्या चुकांचा जगाला पडणारा वार्षिक खर्च सुमारे ४२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये दिला. हा खर्च कोणीतरी सोसतोच. आपल्या जिल्ह्यात तो कोण सोसतो, ते सांगतो. चुकीच्या मात्रेने आजार वाढला, की रुग्णाला लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला खासगी दवाखान्यात हलवावे लागते. त्यासाठी मुकादमाकडून वाढीव उचल घेतली जाते आणि ती फेडण्यासाठी नवरा-बायको पुढच्या हंगामात पुन्हा फडावर जातात, मुलगी शाळेतून निघते. परिचारिकेच्या पगारात शासनाने वाचविलेला रुपया असा कोयत्याच्या हिशेबात जमा होतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ते वर्ष उलटून गेले, वचन तसेच राहिले. २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, त्या बाह्यस्रोतामार्फत भरती करण्याच्या विरोधात. वृत्तपत्रांनी तो पगाराचा संप म्हणून पाहिला. वास्तविक तो रुग्णाच्याही हिताचा होता. अकरा महिन्यांच्या करारावर आलेली तरुण परिचारिका तोंडी आदेश देणाऱ्या डॉक्टरला ‘आधी लिहून द्या’ असे कोणत्या बळावर सांगणार?

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांसाठी काही सूचना करतो. यापुढे असा प्रसंग घडला तर मृताच्या कुटुंबाच्या पाठीशी आपण उभे राहावेच. चौकशीची व भरपाईची मागणी करावीच. परंतु निवेदनातील पहिला प्रश्न असा असावा, की त्या पाळीत त्या वॉर्डात किती रुग्ण आणि किती परिचारिका होत्या? दुसरा, आदेश लेखी होता की फोनवर दिलेला? तिसरा, दिलेल्या औषधाच्या तुकडीची तपासणी झाली होती काय? चौकशी समितीत परिचारिकांचा प्रतिनिधी असावा आणि अहवाल जाहीर व्हावा, असा आग्रह धरावा. प्रसंग घडण्याची वाट न पाहताही पुष्कळ करता येते. माहितीच्या अधिकारात प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयातील मंजूर आणि भरलेली पदे पाळीनिहाय मागवावीत. रुग्ण कल्याण समितीत आपले जे सदस्य आहेत त्यांनी संहत पोटॅशियम कुलुपात ठेवणे, एका वॉर्डात एकाच तीव्रतेचे इन्सुलिन ठेवणे आणि औषध देत असलेल्या परिचारिकेला त्या वेळेपुरते दुसरे कोणतेही काम न सांगणे, हे ठराव मांडावेत. यांतील एकालाही मंत्रालयाची परवानगी लागू नये. परिचारिकांच्या संघटनांशीही बोलावे. रुग्णसुरक्षा हे त्यांच्या मागणीपत्राचे पहिले कलम झाले, तर त्यांच्या संपाच्या वेळी गावातील माणूस त्यांच्या विरोधात जाणार नाही.

ज्या परिचारिकेविरुद्धच्या निवेदनावर माझी सही होती, तिची मी नंतर क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘सर, त्या रात्री मी अजून दोन माणसं मागितली होती. रजिस्टरात लिहिलेलं आहे.’ ते रजिस्टर पाहावे, असे आमच्यापैकी कोणालाही त्या वेळी वाटले नव्हते. पुढच्या वेळी आपण निवेदन लिहिण्यापूर्वी ते रजिस्टर मागितले पाहिजे.